आबांची डोंगरातली कोंबडी

सॅलिस्बरी, डॉमिनिका

प्रिय थिओफिलदादास,

ओझायसचा मनापासून नमस्कार. तिकडे ग्वादलूपला तू आणि वहिनी खुशाल असाल, तुझी कंबरही आता सरळ झाली असेल. इथे सगळे ठीक, आबा सोडून. (आबा ठीक नसताना बाकीचे कसे ठीक राहतात, हे तुला सांगायला नको.)

आई गेल्यापासून आबांनी जेवण टाकलं होतं. एकच धोशा, "डोंगरातली कोंबडी आण." आता त्या बेडकीच्या शिकारीला बंदी, आणि वादळानंतर तर तिचा आवाजही कुणी ऐकलेला नाही. म्हणून क्लेमेन्शियाने (माझ्या बायकोचं डोकं!) अंगणातली कोंबडी कापून रस्सा केला. आबांनी तंगडी उचलून उजेडात धरली. "सूनबाई, बेडकाला पिसं कधी फुटली गं?" मग सरकारचा उद्धार. "झेंड्यावर पोपट बसवला, ताटातला बेडूक उठवला, आणि राष्ट्रीय पदार्थ काय, तर पाल्याचं कालवण! मला विचारलं कुणी?" (नव्हतं विचारलं, हे खरं.)

शेवटी ते पाण्याशिवाय काही घेईनात, तेव्हा बंदी गेली खड्ड्यात म्हणत मी पोतं उचललं. आबा हटून बसले, मीही येणार. उन्हं कलताना त्यांना पाठीवर घेऊन ओढ्याकडे चढलो. पाठीवरून सूचना चालूच. "डावीकडे वळ. इथंच तुझी आई घसरली होती. सावरायला गेलो, तर लग्नच करावं लागलं." आणि एकदम माझा कान धरून मला थांबवलं. पुढच्या दगडांतून आवाज येत होता, हूप... हूप. दादा, त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. मी पालापाचोळा सारला. बिळात अंड्यांच्या पांढऱ्या फेसावर ती बसली होती, चांगली बशीएवढी, जागची हलेना. मी हात घातला.

"सोड," आबा म्हणाले. "बाळंतीण आहे ती."

उतरताना माझी मान ओली होत होती. मी घाम समजलो. घरी येऊन त्यांनी तेच पाल्याचं कालवण दोन वाट्या संपवलं, शिव्या देत देत.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा,
ओझायस

ता. क. काल डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. ही भूक फार दिवसांची नाही म्हणाल्या. शनिवारच्या बोटीने ये. तुझ्या-आबांच्या भांडणाचं नंतर बघू.

आणखी एक ता. क. कुणाला लिहितोयस, असं आबांनी आत्ताच विचारलं. तुझं नाव सांगितलं. "त्या माणसाचं मला काही सांगू नकोस," म्हणाले. आणि क्लेमेन्शियाला हाक मारून तुझ्या खोलीतली रताळ्यांची पोती बाहेर काढायला लावली.