नव्या फरशीखाली

अहमदनगर,
बुधवार, ता. १० फेब्रुवारी १९४३

प्रिय फिलिप यास मार्थाआक्काचा सलाम.

तुझं पत्र पोचलं. कृपाला आठवा लागला, खाणंपिणं नीट चाललंय, हे वाचून जिवाला बरं वाटलं. जामखेडात पाण्याचे हाल नेहमीचेच, तेव्हा तिला घागरी उचलू देऊ नकोस. तुझा जावई लढाईवर, म्हणून बाळंतपणाला तिने माझ्याकडे यायचं हे आपलं नाताळातच ठरलंय, ते मी विसरलेली नाही.

आता तुझ्या पैशांची हकीकत. मागच्या चाळीतल्या चारही खोल्यांना शहाबादी फरशी बसली. प्रत्येक खोलीला मागच्या भिंतीत खिडकी पाडली, मोऱ्या बांधल्या, आतून चुना दिला. लढाईच्या दिवसांत सिमेंट कुठलं मिळायला! भिमाजी गवंड्याने सगळं चुन्यातच बसवलं. "आक्का, भाडेकऱ्यांना कशाला हवेत असले लाड?" म्हणून तू नाक मुरडलं होतंस ना? तेच भाडेकरू आता न कुरकुरता जास्त भाडं द्यायला तयार झालेत. रोजचं सारवण सुटलं म्हणून गोजरबाई माझे पाय धरायची तेवढी बाकी आहे. तू शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून दिलंस. त्याचे हप्ते या वाढीव भाड्यातूनच फिटतील, तुझ्या पगाराला हात लागणार नाही, असं मी म्हणाले होते आणि ते खरंही झालं असतं.

फक्त शनिवारी कृपाला घेऊन येऊ नकोस. चुन्याचा वास अजून गेलेला नाही. शिवाय नव्या फरशीवर पाय घसरतो, जड अंगाच्या पोरीला ते नको. इथली हवाही यंदा बरी नाही.

हे वाचून तू म्हणशील, आक्का काहीतरी लपवतेय. लपवतेच आहे.

तर ऐक. पहिली खोली रंगनाथची. तो धान्याच्या वखारीत हमाली करतो, गोजरबाई त्याचीच बायको. त्या खोलीतली जुनी मातीची जमीन खणायला घेतली, तेव्हा बिळातून मेलेले उंदीर निघाले. एखाददुसरा नव्हे, कुदळ घालावी तिथे. भिमाजीने कुदळ खाली टाकली.

"बाई, उंदीर पडल्यात. म्युनशिपालटीत सांगाया पायजे."

"कुणीतरी विष घातलं असेल. दिवस खोटी करू नकोस. वरून चुना टाक आणि फरशी बसव."

"व्हय, पन बाई..."

"पण नाही नि बिण नाही."

त्याने मुकाट्याने फरशी बसवली. चारही खोल्या उरकल्या तशी मजुरी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी बायकापोरांना घेऊन श्रीगोंद्याला सासुरवाडीला निघून गेला. शेवटच्या मोरीचं काम मी दुसऱ्याकडून करून घेतलं. तो का गेला ते मला कळत होतं.

आपली आई प्लेगच्या, गाठीच्या साथीत गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. तुला आठवायचं नाही, मला आठवतं. उंदीर पडायला लागले की घरदार सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण डोळ्यांपुढे आलं ते वेगळंच. म्युनिसिपालिटीचे लोक येणार, कौलं उतरवणार, फरशी उखडणार, भाडेकरू माळावर जाणार, भाडं बंद पडणार आणि तुझ्या पगारातून हप्ते कापले जाणार. मेलेल्या उंदरांपेक्षा मला त्याचीच धास्ती वाटली.

सकाळी इथपर्यंत लिहिलं आणि मनाची समजूत काढायला गोजरबाईकडे गेले. सहज विचारल्यासारखं केलं, "काय गं, मध्ये उंदरांना विषबिष घातलं होतंस का?"

"इख? न्हाई बाई. पोरगं रांगतंय, दिसंल ते तोंडात घालतंय. इख कशाला ठिवीन मी घरात?"

पोरगं नव्या फरशीवर पालथं पडून हात आपटत होतं. कोपऱ्यात रंगनाथ घोंगडी पांघरून कण्हत होता.

"ह्यास्नी कालपस्नं लई ताप हाय. जांगंत गाठ बी आलीया. वझं उचलून आली आसंल न्हाई का, बाई?"

तिथेच उंबऱ्यावर बसून तिला सगळं सांगितलं. तिने आधी पोराला उचललं, मग म्हणाली, "तुमी आदी का न्हाई सांगितलं, बाई?" शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तशीच उठून म्युनिसिपालिटीत गेले. रंगनाथला दवाखान्यात नेलंय, तो शुद्धीवर नव्हता. गोजरबाई पोराला घेऊन इतर भाडेकऱ्यांबरोबर माळावर गेली, जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. उद्या फरशी उखडणार आहेत. हप्त्यांचं काय ते मला सुचत नाही. माझं शिवणयंत्र आहे, ते वीक.

हे पत्र जामखेडच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरकडे देतेय, म्हणजे शनिवारच्या आत तुला मिळेल. वाचून चुलीत घाल आणि हात धू. गावात टोचणारे आले तर सगळ्यांनी टोचून घ्या. कृपाचं बाळंतपण तिथल्या सुईणीकडूनच होऊ दे. बाळाला माझा मुका नको सांगूस, नुसता आशीर्वाद सांग.

आणखी एक. कालपासून माझ्या काखेत ठणकतंय. नव्या चोळीची शिवण काचत असेल, असं मी मनाशी म्हणत होते. उंदरांच्या वेळीही मी असंच काहीतरी म्हणाले होते.

मला फार भीती वाटतेय, फिलिप. तू येऊ नकोस. मी बोलावलं तरी येऊ नकोस.

तुला कडेवर घेणारी,
मार्थाआक्का