ईस्टरची हाक

१ जानेवारी १९५६, रविवार
काल वॉचनाइटच्या, म्हणजे सरत्या वर्षाच्या रात्रीच्या उपासनेत उभा राहून साक्ष दिली. गिरणीतून रिटायर झालो म्हणजे माणूस संपला असं नाही. प्रभूने नवं वर्ष दिलंय, गंगाधरही आजपासून नवा. मंडळी इतकी भारावली की चर्चमध्ये चिडीचूप. ठरवलं: पहाटे उठून बायबल. चहा एकच कप. राग कायमचा बंद.

२ जानेवारी
पहाट हुकली. थंडी फार. बायबल दुपारी उघडलं, झोप लागली. राग मात्र आला नाही, झोपेत कुठून येणार.

१० जानेवारी
पाळकसाहेब परळला घरी आले. ईस्टरच्या पहाटे कबरस्थानात मंडळीतला सर्वांत वडील पुरुष अंधारात हाक देतो, 'प्रभू उठला आहे'. सगळे मिळून म्हणतात, 'खरोखर उठला आहे'. असं तीनदा, मग गाणं. हाक देणारे तात्या गेल्या पावसाळ्यात वारले, आता मान माझा. एवढी वर्षं मी जबाब देणाऱ्यांत होतो. छाती भरून आली. पाळकसाहेब माझ्या बायकोकडे, अंबिकेकडे बघत म्हणाले, वाटल्यास चर्चमधला हार्मोनियमवाला शरच्चंद्र शेजारी उभा राहील. म्हटलं, काही गरज नाही.

२० जानेवारी
संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलंय. कर्फ्यू. दूध आणायला खाली उतरलो तर शेजारच्या कोंडीरामने मागून धरून फरफटत जिन्यात नेलं. शर्ट फाटला. म्हणाला, शिपाई कधीपासून 'थांबा' म्हणून ओरडत होते, बंदूक रोखली होती. ओरडले असते तर मला ऐकू आलं नसतं का? अंबिका दुपारभर रडली. वयाबरोबर भित्री होत चाललीय. तिला विश्वासाविषयी चार शब्द सांगितले.

५ फेब्रुवारी
शरच्चंद्रची हार्मोनियम दिवसेंदिवस मरतुकडी. आज सगळे खाली बसले आणि मी एकटाच शेवटचं कडवं म्हणत उभा. त्याला प्रेमाने सांगितलं, बाळा, जरा जोर लाव. त्याने एवढा लावला म्हणे की पुढच्या बाकावरच्या पोरांनी कानात बोटं घातली. मला काही फरक वाटला नाही. त्याला क्षमा केली.

२२ फेब्रुवारी
अंबिकेने पुन्हा कानाच्या डॉक्टरचं काढलं. अगं बाई, साळखात्यात अख्खी हयात गेली, चहूकडून मागांचा खडखडाट, तरी समोरचा काय म्हणतो ते नुसतं ओठांवरून ओळखायचो. असा माणूस बहिरा कसा होईल? दोष तिचा. चुलीकडे तोंड करून पुटपुटते आणि मग म्हणते, ऐकत नाही.

४ मार्च
चर्च सुटल्यावर शरच्चंद्रशी बोललो. समोरासमोर उभं राहून, उजेडात. शब्द न् शब्द कळला. अंबिकेला मुद्दाम दाखवलं. ती मान डोलावून चालू लागली. पटलं असावं.

२५ मार्च, पाम संडे
हाकेची प्रॅक्टिस चाळीच्या गॅलरीत. कोंडीराम धावत आला, विचारतो, कोण गेलं? म्हटलं, गेलं नाही, उठलं. त्याला प्रभूविषयी सांगायला लागलो तर पाळीची वेळ झाली म्हणून पळाला. आज रविवारची कसली पाळी? पण आवाज दमदार आहे, हे सिद्ध झालं.

३० मार्च, गुड फ्रायडे
उपास. अंबिका म्हणाली, हाक देताना मी हात धरते, मंडळीचा जबाब संपला की दाबीन. केवढा अपमान. तडकलो. ताट आपटलं, उपास होता म्हणून रिकामंच होतं. राग बंद हे ईस्टरपासून धरायचं.

१ एप्रिल, ईस्टर
कबरस्थानात काळोख. अंबिकेला मागे बायकांत पाठवलं. हाक दिली. जबाब नाही. पुन्हा दिली. काही नाही. वाटलं, एक एप्रिल आहे, तरण्या पोरांनी एप्रिलफूल चालवलंय, तेही कबरींपाशी. फार वाईट वाटलं. मग संतापलो. म्हणालो, विश्वास नाही तर झोपायला आलात का इथे? तात्यांना जबाब देत होतात, मला का नाही? आणि हाका मारत राहिलो. किती मारल्या ठाऊक नाही.

मग उजाडायला लागलं. आधी शरच्चंद्रचं तोंड दिसलं. ते हलत होतं. मग सगळ्यांची दिसली. सगळे जबाब देत होते. माझी हाक झाली की पुन्हा. दमले होते बिचारे. काही पोरं हसू दाबत होती, म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. पाळकसाहेबांचा हात माझ्या खांद्यावर होता, कधी ठेवला कोण जाणे. अंबिका पुढे आली, समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, उठला आहे हो, सगळ्यांनी सांगितलं. आता घरी चला.

गाणं झालं असेल. मी बघितलं नाही.

२ एप्रिल
दिवसभर खाटेवर. लाज वाटते. अंबिकेला विचारलं, कधीपासून. म्हणाली, गिरणी सुटायच्या आधीपासून. सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगत होते.

मग विचारलं, दिवा मालवल्यावर लगेच झोपतेस ना? म्हणाली, नाही. दोघांची प्रार्थना करते, मोठ्याने, पहिल्यापासून करतो तशी. तुमच्या आमेनची वाट बघते आणि मग मीच म्हणते.

मला वाटायचं, तिने प्रार्थना सोडली. तिच्या विश्वासासाठी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो.

ठरवलं, आजपासून प्रार्थना दिवा असतानाच. तिच्यासमोर बसलो, तोंडाकडे नीट बघत. तिने हात जोडले, सुरुवात केली. जन्माची सवय, माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा ती उठून अंथरूण घालत होती.