सुमनचा घास

५ जानेवारी
सु. परवा दवाखान्यातून घरी आली. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही अर्धवट. डॉ. म्हणाले, सगळं एकजीव करून द्या, गुठळी नको. ठसका लागला तर अन्न फुप्फुसात जाईल. मारुंजीच्या दुकानातून हँड ब्लेंडर आणला. स्वयंपाक शिकवायला घरात एकच माणूस, आणि ते बोलत नाही.
संध्याकाळी गरम आमटीतून ब्लेंडर चालू असतानाच वर उचलला. आमटी भिंतीवर, चष्म्यावर, शर्टावर. सु. डाव्या बाजूने हसली. मीही हसलो. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धुतलं.

७ जाने.
जमतंय. उभट पातेलं. आधी निवू द्यायचं. पातं पूर्ण बुडवून मग बटण, बंद करून मगच बाहेर. मधे मधे थांबायचं, मोटर तापते. साध्या पाण्याऐवजी वरणाचं पाणी, चव राहते. लग्नापासून चहापलीकडे न गेलेला माणूस हे लिहितोय!
दुपारी पात्यात पालकाचा देठ अडकला. बोट घालणार तोच घरमालकीण ताराकाकू दारातून ओरडल्या, "आवं दादा, पिन काडा आदी! बोटं तोडून घेताय व्हय?"
प्लग काढला. मला काही झालं तर हिला भरवणार कोण? दिवसभर तेच डोक्यात. ऑफिसच्या कॉलवर काय बोललो, आठवत नाही.

१० जाने.
सु. खात नाही. वरण, भात, भाजी एकत्र फिरवलेलं, रंग मातकट. वाटी ढकलते. डॉ. फोनवर: असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. सु.ने ऐकलं. मान जोरजोरात हलवली. नको.
ताराकाकूंनी वाटीत डोकावलं. "मी बी न्हाई खानार असलं. त्यात काय हाय ते तरी कळाया नगं? येगयेगळं वाडा की."
खरंय. मीच दोन घास खाऊन पाहिले. जाईना.

११ जाने.
वेगवेगळं फिरवलं. भोपळा, पालक, वरण, भात, सगळं गाळून. ताट केलं, वाट्या मांडल्या, वर घट्ट दही. सु. नुसती बघत राहिली. मग डाव्या हाताने दह्याची वाटी उचलून डावीकडे ठेवली. मी उजवीकडे वाढली होती. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवलो, दही कुठल्या बाजूला असतं तेही पाहिलं नाही.
सगळं खाल्लं. रडलो. तिने नाक मुरडलं.

१४ जाने., संक्रांत
जितकं बारीक तितकं बरं, असं मला वाटलं. भात फिरवतच राहिलो. त्याची खळ झाली, चमच्याला तार सुटत होती. दिसत होतं, तरी भरवला. घशाला चिकटला. ठसका थांबेना, ओठ काळेनिळे. ताराकाकू तिळगूळ घेऊन आल्या होत्या, त्या तशाच तिची पाठ धरून बसल्या. रिक्षाने दवाखान्यात आणलं.

१६ जाने., दवाखाना
ताप. छाती भरलीय. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "भात, बटाटा ब्लेंडरने फार फिरवला की चिकट होतो. पेज करायची, नाहीतर चाळणीतून दाबून काढायचा." आता सांगताय, म्हणणार होतो. गिळलं. त्यांचा काय दोष.
डॉ.: आता तोंडाने काही नाही. उद्या नळी घालू. "बऱ्या झाल्या की परत तोंडाने सुरू करू." कधी? "बघू."
सही मी करायची. ती नको म्हणते हे मला माहीत आहे. तिला सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

१७ जाने.
सकाळी सहीसाठी नळीचा कागद आला. थोडा वेळ मागितला. दुपारपर्यंत, म्हणाले.
ताराकाकूंनी माझा डबा पाठवला. "तुमी तरी चार घास खावा. तुमी पडला तर तिचं कुनी बगायचं?" बाहेर बाकावर जाऊन खायला निघालो. सु.ने शर्ट धरला, सोडेना. तिथेच बसलो. झाकण काढलं. पिठलं, भाकरी. वास तिच्यापर्यंत गेला असणार.
तिने तोंड उघडलं.
म्हटलं, सु., नको. उद्या-परवा बरी झालीस की. किती दिवसांनी तिच्याशी असं हळू बोललो. ती माझ्याकडेच बघत होती.
मी झाकण लावलं. तिने तोंड मिटलं नाही.