शून्य हरकती

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज नेमका कसा होता हे आता मलाही सांगता येत नाही. मोठा होता, एवढंच आठवतं. देवगाव रंगारीच्या पुढच्या आपल्या गावात तुम्ही कोतवाल होतात, आणि कोतवालाचं अर्धं काम म्हणजे आवाजच. तलाठी येणार असले, चावडीवर जमिनीच्या उताऱ्यांचं वाचन असलं, पोरांना टोचायला नर्सबाई येणार असल्या, की दवंडी तुमची. हलगी मात्र तुम्ही कधी हातात धरली नाहीत. "आपल्या लोकांनी ते सोडलं," एवढंच म्हणायचात आणि नुसत्या गळ्यावर सगळं गाव गोळा करायचात. आज रविवारची दुपार आहे. पुंडलिकनगरातल्या माझ्या स्वयंपाकघरात, निवडायची मेथी बाजूला सारून, ऑफिसच्या कोऱ्या कागदावर मी तुम्हाला लिहायला बसले आहे. सरकारी कागद घरच्या कामाला वापरला म्हणून तुम्ही दोन शब्द सुनावले असते, ते मी ऐकून घेतले असते.

मी आठवीत होते तेव्हाचा तुमचा एक राग मला फार जपून ठेवावासा वाटतो. तुमचा घसा पार बसला होता आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर वाचन होतं. मी म्हटलं, मी जाते. पारापाशी ओरडले, पिठाच्या गिरणीपाशी ओरडले, शाळेपाशी ओरडले आणि मोठा पराक्रम केल्यासारखी घरी येऊन भाकरी खायला बसले. तुम्ही गळ्याला मफलर गुंडाळून बसला होतात. घोगऱ्या आवाजात विचारलंत, "वढ्याच्या पल्याड गेलतीस का? त्या म्हातारीकडं?" मी म्हटलं, "ती तर बहिरी हाय दादा, तिला काय ऐकू येणार?" "म्हणून तर जायचं," तुम्ही म्हणालात. "नुसती वरडून आलीस. सांगून कुठं आलीस?" मला अर्ध्या भाकरीवरून उठवलंत आणि स्वतःही बरोबर निघालात. ओढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, त्याचाही राग मी तुमच्यावरच काढला. अजून डोळ्यांसमोर दिसतं, तुम्ही त्या म्हातारीच्या उंबऱ्यासमोर उकिडवे बसता, हातवारे करून तिला सांगता, आणि मग तिच्याकडूनच वदवून घेता: उद्या, सकाळी, चावडीवर. तिनं ते नीट म्हटल्यावरच तुम्ही उठता. एवढ्याशा निरोपाला किती हा वेळ, असं मला वाटत होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. त्यानंतर मी तहसीलदार झाले, दादा. आपल्या नाही, दुसऱ्या तालुक्यात. अख्ख्या तालुक्याचे उतारे कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्याकडं आलं आणि ते मी चांगलं केलं. उगाच लाजायचं कशाला! नकलेसाठी चार-चार खेटे घालणारी माणसं आता घरबसल्या उतारा काढतात. पण हुशारीला शिंगं फुटतात तशी मलाही फुटली. चावडीवर वाचन करत बसण्यापेक्षा, मी ठरवलं, प्रत्येक खातेदाराच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचा: तुमचा उतारा तयार आहे, बघून घ्या, चूक असेल तर पंधरा दिवसांत हरकत घ्या. मेसेज पोहोचला की पडद्यावर ते गाव हिरवं. बघता बघता सगळा तालुका हिरवागार झाला आणि हरकती आल्या शून्य. जिल्ह्यात आम्ही पहिले. राहिली होती फक्त माझी सही. ती झाली की उताऱ्यांना कुलूप लागणार होतं, आणि मग एखादं नाव दुरुस्त करायचं म्हणजे अपिलाच्या चकरा.

सहीच्या आठ दिवस आधी एक बाई आली. साठीची असेल. प्लास्टिकच्या पिशवीत जुना हातानं लिहिलेला उतारा, त्यावर तिच्या बापाच्या जमिनीला भावाचं नाव आणि खाली तिचं. नव्या उताऱ्यावर एकटा भाऊ. "माझं नाव कुठं गेलं, बाई?" ती म्हणाली. "खोडलं व्हय कुणी?" खोडलं कुणीच नव्हतं. भरभर टाइप करताना खालची ओळ राहून गेली होती. मी विचारलं, मग हरकत का नाही घेतली? "मला कुणी सांगितलंच नाय, तर काय करू?" आमचा क्लार्क तोऱ्यात म्हणाला, "मॅडम, मेसेज पोहोचलाय, हे बघा ना." कुणाच्या नंबरवर? तिच्या भावाच्या. मी त्याला आणखी खाती काढायला लावली. प्रत्येक घरातून एकच नंबर दिलेला, तो कर्त्या पुरुषाचा. बहिणींचा, विधवा भावजयांचा नंबर कुणी दिला नव्हता आणि आम्ही मागितलाही नव्हता. ज्याला हरकत घ्यायचं काही कारणच नाही, नेमक्या त्यालाच आम्ही विचारत बसलो होतो.

मी सही केली नाही. बैठकीत मोठ्या साहेबांनी विचारलं, "सगळं हिरवं दिसतंय, मग घोडं अडलं कुठं?" मी म्हटलं, "साहेब, मेसेज गेलेत, पण बायांना कळलेलं नाही." शेजारचे दोघं हसले. साहेबांनी खूप सुनावलं, पण महिनाभर मुदत दिली. मी तालुक्यातल्या सगळ्या कोतवालांना सभागृहात बोलावलं. खुर्च्या रिकाम्या, आणि ते भिंतीला टेकून उभे. बसा म्हटलं तरी बसेनात. शेवटी मी म्हणाले, "माझे वडील कोतवाल होते. बसा." तेव्हा बसले. मग त्यांना तुमची रीत सांगितली. घरोघर जायचं, सासरी गेलेल्या लेकींनाही गाठायचं, निरोप त्यांच्या तोंडून परत ऐकायचा, आणि मगच मोबाइलवर खूण करायची. नंतर चावडीवर वाचन. आमचा तालुका पहिल्यावरून तळाला गेला आणि हरकतींचा पाऊस पडला. प्रत्येक हरकतीला मला बरं वाटायचं, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. त्या बाईचं नाव वाचनात आलं तेव्हा मी चावडीवर होते. ती तलाठ्याला म्हणाली, "अजून एकदा वाचा." त्यानं वाचलं. ती "हां" म्हणाली आणि एसटी गाठायला निघून गेली.

दादा, हे सगळं तुमचं आहे. मोठ्या संस्थांत जाऊन प्रशासनाचे धडे घेतले, पण वेळ आली तेव्हा कामाला आलं ते तुम्ही अर्ध्या भाकरीवरून उठवलंत तेच. तुमचे उपकार मानायला मला कुठून सुरुवात करावी कळत नाही. पुढं ही रीत सगळ्या जिल्ह्यानं घेतली. शहरात कार्यक्रम झाला, शाल दिली, माझ्यापुढं माइक धरून विचारलं की ही कल्पना सुचली कुठून. समोर सगळे अधिकारी. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुण्याच्या एका प्रशिक्षणात." असं कुठलंच प्रशिक्षण झालं नव्हतं. माझ्या तालुक्याचे कोतवाल शेवटच्या रांगेत होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, पण त्यांच्यातल्या एकानंही माझ्याकडं बघितलं नाही.

माझी लेक दहावीला आहे, दादा. तिला मी आजोबा महसूल खात्यात होते एवढंच सांगत आले आहे. हे पत्र निदान तिला वाचायला द्यावं असं मघापासून मनात होतं. आत्ता ती पाणी प्यायला आत आली, "काय लिहितेस गं?" म्हणाली, आणि मी कागदावर हात ठेवला.