डावं म्हणजे कुणाचं डावं

३ जानेवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी जॅकवरून उतरून स्वतःच्या चाकांवर उभी राहिली, हे वाचून मी जिन्यातच टाळी वाजवली. घरमालकीणबाईंनी खालून विचारलं, कुणाचं लग्न ठरलं का? मी म्हटलं, अण्णांच्या गाडीचं. त्या म्हणाल्या, नवरीमुलीचं वय काय? खरं वय सांगितल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

दंतवैद्यबाईंनी आपली ती दोन दारांची लाल स्पोर्ट्स कूपे तुमच्या हवाली केली, तेव्हा एकच म्हणाल्या होत्या, की माझे गुडघे आता एवढ्या खाली बसू देत नाहीत, पण हिला बसवून ठेवू नका. त्या दिवशी आपण दोघांनी ठरवलं होतं, आठवतं ना? सोमवार ते शनिवार आईला बाजारात नेईल आणि रविवारी ट्रॅकवर पळेल, अशी एकच गाडी. हत्यार तुमचं, गणित माझं. इथे पंपाच्या कारखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या नकाशांवर रेघा मारते. ही गाडीच काय ती आपली दोघांची आहे.

आता पुढचं काम. चार पायांचं स्टूल डुगडुगतं, कारण तिरके समोरासमोरचे दोन पाय जास्त भार घेतात आणि उरलेले दोन अधांतरी राहतात. गाडीचंही तसंच होतं. रस्त्यावर चालून जातं, ट्रॅकवरच्या वळणावर मात्र ती एकीकडे वळते आणि दुसरीकडे रुसते. म्हणून भंगारवाल्याकडून चार वजनकाटे आणा, प्रत्येक चाकाखाली एक ठेवा आणि चालकाच्या जागी तुमच्या वजनाचं वाळूचं पोतं बसवा. मग पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं असे चार आकडे लिहून पाठवा. स्प्रिंगखालची रिंग चढवली-उतरवली की त्या चाकावरचा भार वाढतो-घटतो; कुठली किती फिरवायची ते मी काढून देते.

फोनवर हे सांगून उपयोग नाही. पत्रा ठोकून ठोकून तुमच्या कानांचं जे झालंय ते झालंय, आणि आईमार्फत निरोप दिला तर स्प्रिंगचं शिंकं होऊन तुमच्यापर्यंत पोचतं.

आईला नमस्कार. गाडीपेक्षा तिची आठवण थोडी जास्त येते, हे तिला वाचून दाखवा.

तुमची,
ठिणगी


१४ जानेवारी

चि. ठिणगीस,
अ. आ.

तू सांगितलंस तसं वजन केलं. आकडे वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडले आहेत. काटे दोनदा बदलून पाहिले, आकडे तेच आले. पोत्याला आईने माझी जुनी टोपी घातली आणि म्हणाली, हा माणूस बरा, उलट उत्तर देत नाही.

आतला पाइपांचा पिंजरा तुझ्या नकाशाबरहुकूम वेल्डिंग करून बसवला. सीटच्या मागे कमान, तिथून छताच्या कडेने पुढे आलेले दोन पाइप, आणि काचेशेजारून खाली. गाडी उलटली तरी छप्पर डोक्यावर यायचं नाही. आईने आत डोकावून विचारलं, पोपट कधी आणणार?

बॅटरी मागे डिकीत नेली. आवाज गोड आहे. मला कमी ऐकू येतो, पण पायाला कळतो.

रिंगांचं लवकर कळव. तू लिहिशील तसं करीन.

अण्णा


२२ जानेवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आकडे पाहून मी चकित झाले. पोतं एका बाजूला बसलेलं असूनही गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूंचा भार जवळजवळ सारखा! बॅटरी हलवून तुम्ही कमाल केलीत. तिरक्या जोड्या मात्र भलत्याच विषम आहेत. स्टूल चांगलंच डुगडुगतंय.

तर असं करा. पुढची उजवी रिंग वर चढवा, पुढची डावी खाली उतरवा. किती फेरे ते मागच्या बाजूला लिहिलं आहे. फेरे जास्त वाटतील, पण हिशेब मी दोनदा तपासला आहे.

पिंजऱ्याबद्दल आईला सांगा, पोपट आधीच आत आहे. टोपी घालून बसला आहे.

तुमची,
ठिणगी


९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. आ.

घाबरू नकोस, आधीच सांगतो. सगळे ठीक आहेत.

रिंगा तू लिहिल्याप्रमाणे फिरवल्या. चढवताना एकीचे आटे संपत आले तेव्हा हाताला जरा खटकलं. इतकं कधी लागत नाही. पण तू हिशेब केलेला. म्हटलं, हाताचं काय ऐकायचं.

पहिले दोन दिवस गाडी चमत्कारिक वागली. बाजारातून घराकडे वळताना नाक धरून बसायची, वळायलाच मागायची नाही. घराकडून बाजाराकडे वळताना मात्र शेपूट सोडून द्यायची. मला वाटलं, ट्रॅकची गाडी अशीच असते, मला सवय नाही.

काल आई शेजारी होती. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात रस्ता ओला होता. वेग काही फार नव्हता. वळताना मागचा भाग निसटला, गाडी गर्रकन फिरली आणि कठड्याला घासून थांबली. आईचं डोकं काचेशेजारच्या त्या पाइपवर आपटलं. कपाळाला टाके पडले आहेत. पत्र्याला खोक आहे, ती मी भरीन.

हात नीट बसला नसेल माझा. चूक माझीच असणार. तू मनाला लावून घेऊ नकोस.

अण्णा

ता. क. मी आई लिहितेय. टाके नाजूक आहेत, डॉक्टरीणबाईंचा हात शिंपिणीसारखा आहे. हे कालपासून गाडीभोवती फिरताहेत, तुझं पत्र खिशात ठेवून. माझ्याशी बोलत नाहीत, गाडीशीही बोलत नाहीत. तूच काय ते बघ.


१४ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडल्यापासून मी नीट जेवलेली नाही. आईला सांगा, उशी उंच घेऊन झोप. आणि तुम्ही ती गाडी या क्षणापासून हलवू नका. चुकून बाजारातसुद्धा नाही.

एकच विचारते, तेवढ्याचं उत्तर द्या. आज ऑफिसात माझ्या समोर बसणाऱ्या सहकाऱ्याने टेबलापलीकडून माझ्या नकाशाकडे बोट दाखवून सांगितलं, डावीकडचा बोल्ट बदल. मी बदलला. तो म्हणाला, अगं हा नव्हे, डावीकडचा! तो त्याच्या डाव्या हाताबद्दल बोलत होता आणि मी माझ्या. आम्ही हसलो, आणि हसता हसता मला तुमच्या आकड्यांचा कागद आठवला.

अण्णा, आकडे लिहिताना तुम्ही डावं कशाला म्हणालात? कुठे उभे राहून?

तुमची,
ठिणगी


१९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. आ.

हा काय प्रश्न झाला? पुढच्या चाकांचं वजन घेताना मी बॉनेटसमोर उभा होतो. माझ्या डाव्या हाताला जे चाक, ते डावं. मग मागच्या चाकांसाठी डिकीमागे जाऊन उभा राहिलो. तिथेही माझ्या डाव्या हाताला जे, ते डावं. डावा हात काय गाडीबरोबर फिरतो?

गॅरेजात आम्ही सगळे असंच म्हणतो. इंजिन समोरून दिसतं, मग डावं-उजवंही समोरूनच. आजवर कुणाचं काही अडलं नाही.

आईचे टाके काढले. तिला आरशात बघू देत नाही, कारण बघितलं की ती माझ्याकडे बघते.

अण्णा


२४ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं!

पुस्तकातलं डावं-उजवं चालकाच्या जागी बसून ठरतं. तुमचं मागचं डावं माझंही डावं होतं, पण तुमचं पुढचं डावं म्हणजे माझं उजवं. म्हणजे पुढची दोन चाकं कागदावर एकमेकांच्या जागी बसली. म्हणून तर पोतं एका बाजूला असून दोन्ही बाजू सारख्या दिसल्या. ते तसं असूच शकत नव्हतं. इतका देखणा आकडा पाहून मला शंका यायला हवी होती, मी तुमची पाठ थोपटून मोकळी झाले. तुम्ही आधी बसवलेली गाडी मुळात सरळ होती. आपण दोघांनी मिळून ती वाकडी केली, अर्धी तुमच्या डाव्या हाताने आणि अर्धी माझ्या गणिताने. रिंगा होत्या तिथे परत आणा. एवढंच काम आहे.

पण मला दुसरंच काही लिहायचं आहे.

तुमच्या हाताला खटकलं होतं. आटे संपत आले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की हे बरं नाही. तरी तुम्ही फिरवत राहिलात, कारण मी लिहिलं होतं. अण्णा, पूर्वी असं झालं असतं का? मी शाळेत असताना ब्रेकच्या तेलावरून आपण इतके भांडलो होतो, की आईने वाढलेली ताटं परत झाकून ठेवली आणि म्हणाली, आधी निकाल लावा, मग जेवा. तुम्ही मला शहाणी म्हणायचात, तेही दात ओठ खाऊन. मी मोटर कोळून प्यायल्यासारखी बोलायचे आणि तुम्ही पाना आपटायचात. त्यातूनच तर मी इंजिनिअर झाले. मास्तरांनी सूत्रं शिकवली, पण प्रश्न विचारायची खोड तुमच्याशी हुज्जत घालून लागली.

पदवी मिळाली त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी एकदाही भांडलेला नाहीत. मी आधी खूश झाले. वाटलं, अण्णांना आता माझं पटतं. आईच्या कपाळाला टाके पडेपर्यंत मला कळलं नाही, की तुम्ही पटवून घेणंच सोडून दिलंय. पाहुण्याशी कुणी भांडत नाही, अण्णा. मला या घरात पाहुणी व्हायचं नाही.

गाडी सरळ होईलच. हे सरळ होईल का, ते कळवा.

तुमची,
ठिणगी


५ मार्च

चि. ठिणगीस,
अ. आ.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचून दाखवलं. शेजाऱ्यांनी ऐकलं असणार. मला एकदा ऐकून पुरलं नाही, म्हणून मग स्वतः वाचलं.

खरं आहे तुझं. भांडलो नाही. आपल्या घरात तुझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. लोक मला थांबवून विचारतात, लेक काय म्हणते? वाटायचं, हिच्याशी पूर्वीसारखं तोंड लावलं, तर जे शिकवलं तेच खोटं म्हटल्यासारखं होईल. तू लिहिलंस की हिशेब दोनदा तपासला. मी कुठे हिशेब तपासतो? हात लावतो आणि सांगतो. हात लावून सांगितलेलं तुझ्यासमोर काय टिकणार, असं मनात यायचं. हे तुला कधी सांगितलं नसतं. आईने पेन हातात दिलं.

रिंगा जागेवर आणल्या. टाकीपाशी जाऊन आलो, दोन्हीकडे सारखी वळते.

आता दुसरं. पिंजऱ्याचे पुढचे दोन्ही पाइप मी कापून काढले. मागची कमान तेवढी ठेवली आहे. तुझ्या नकाशात ते होते, मला ठाऊक आहे. तुला विचारलं असतं तर तू हिशेब पाठवला असतास, म्हणून विचारलं नाही. हेल्मेट घातलेल्या माणसाला तो पाइप वाचवत असेल. तुझी आई भाजी आणायला हेल्मेट घालून बसत नाही. डोक्यापासून वीतभर अंतरावर लोखंड ठेवून मी बायकोला गावभर फिरवणार नाही. ट्रॅकवर मी जपून चालवीन. गाडी आधी रस्त्याची, मग ट्रॅकची.

तुला पटणार नाही. न पटो. आकडेमोड कितीही कर, पाइप परत लागणार नाहीत.

अण्णा

ता. क. मी आई. कापताना ठिणग्या उडत होत्या आणि हे एकटेच तुझ्याशी भांडत होते. मध्येच थांबून तुझं उत्तरही स्वतःच देत होते. तुझी बाजू जरा कमजोर मांडली त्यांनी.


१० मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

नाही पटलं. अजिबात नाही.

जपून चालवीन, हे वाक्य वेल्डिंग करून छताला लावता येत नाही. ट्रॅकवर पुढचा जपून चालवत नसेल तर? गाडी उलटली तर एकटी मागची कमान छप्पर पेलणार नाही, छप्पर पुढून दबेल आणि खाली तुमची मान असेल. आईचं कपाळ तुमचं खरं, पण तुमची मान माझी. मला दोन्ही हवीत. पुढचे पाइप बोल्टने बसतील असे करायचे. आठवडाभर भिंतीला टेकवून ठेवायचे, रविवारी बसवायचे. तुम्ही म्हणणार, बोल्ट ढिले पडतात, वेल्डिंग पडत नाही. म्हणा. माझ्याकडे उत्तर आहे आणि ते मी लिहून पाठवणार नाही.

साहेबांकडे रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरी वडिलांशी वाद आहे. त्यांनी गंभीर होऊन जास्तच दिवस मंजूर केले. मला हसू आवरेना.

शनिवारी पोचते. आईला सांगा, ताटं वाढायची घाई करू नकोस. आणि मी येईपर्यंत मागच्या कमानीला करवत लागली तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही.

लोभ आहे तेवढा पुरे. आवाज मात्र चढाच असू द्या.

तुमची,
ठिणगी