बाबांचा साइडबोर्ड

ताई,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी कामावर जातोय.

अकरा वाजता जुन्या फर्निचरचा व्यापारी बाबांचा साइडबोर्ड न्यायला येईल. साठ सालातला अस्सल सागवानी आहे, हौशी लोक असल्या वस्तूंच्या मागावरच असतात, म्हणाला. उजवा पाय हलतो, ते त्याला आधीच दाखव, नंतर कटकट नको. वरचा कपाचा डाग काही निघाला नाही.

ड्रॉवर मी रिकामे केलेत. डावा कप्पा मात्र तू कर. त्यात बाबांचा चष्मा आणि कानाचं मशीन आहे. मी दोनदा दार सरकवलं आणि परत लावून टाकलं. बाबांना जाऊन सोळा दिवस झाले, तरी मला रडू येत नाही. तू परवा विचारलंस ना, म्हणून सांगतो.

काल व्यापाऱ्याने फोनवर विचारलं, "सध्या वापरात आहे का?"

मी म्हणालो, "हो, बाबा वापरतात. न्यायला कधी यायचं, ते त्यांना विचारून सांगतो."

फोन ठेवून मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलोसुद्धा. मग परत येऊन त्याला अकराची वेळ दिली.

आज तो बाबांची चौकशी करेल. काय ते तूच सांग.