आगीची बाटली आणि गार सोडा

नैरोबी, ४ मार्च १९९७

चि. मघांगा यास ताईचे अ. आ., आणि सोबत एक कानपिचकी.

तुझं विमान माझ्या हाताखाली दुरुस्तीला आलंय. आग विझवायची गॅसची बाटली उचलली, तर पुन्हा हलकी फूल! लोकिचोग्गिओच्या मदतछावणीतल्या उन्हात तुम्ही पायलटमंडळी तो गॅस मारून सोड्याच्या बाटल्या गार करता, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हवेत विमान पेटलं तर काय, सोडा ओतणार आहेस? यापुढे बाटली रिकामी दिसली तर विमान सोडणार नाही, सांगून ठेवते.

आई विचारते, नीट जेवतोस ना.

लोभ आहे, पण सध्या राग जास्त.

वाकेशो


लोकिचोग्गिओ, २ एप्रिल

ती. ताईस सा. न.

आधी पूर्ण वाच, मग ओरड. तू भरून दिलेला गॅस आम्ही आठवड्यात संपवला. इथे उकाड्याने जीव जातो गं! तू विमान अडवशील म्हणून मी छावणीच्या जीपमधली आग विझवायच्या पावडरची बाटली काढून विमानात तिच्या जागी अडकवली. तीही लाल, तीही भरलेली.

काल उडताना रेडिओमागची वायर पेटली. पावडर मारली, आग विझली, पण समोर नुसती पिठाची गिरणी! काच दिसेना, उंची-वेगाचे काटे दिसेनात, डोळे चुरचुरायला लागले. बाजूची छोटी खिडकी उघडून त्या फटीतून बघत कसंबसं उतरवलं. मागे एक नर्सही बसली होती.

वायर बदलली, सगळं पुसून काढलंय. तू गॅसची बाटली गुपचूप पाठव. साहेबांना कळलं तर माझं उडणं संपलं. आईची शपथ, पुन्हा नाही करणार.

या खेपेला लोभ जरा वाढवच.

तुझा मघांगा


नैरोबी, ४ एप्रिल

चि. मघांगास अ. आ.

पत्र वाचून देवाचे आभार मानले, मग तुला पोटभर शिव्या घातल्या. पुसून काढलंस म्हणे! अरे गाढवा, गॅस उडून जातो, पण पावडर काट्यांच्या तबकड्यांत, वायरींच्या सांध्यांत शिरते आणि धातू खात बसते. उद्या ते विमान घेऊन दुसरं कुणी उडालं असतं तर?

म्हणून साहेबांना सगळं सांगितलं. विमान जागेवर थांबवलंय आणि तुलाही. लायसन्स बहुतेक जाईल.

आई माझ्याशी बोलत नाही. म्हणते, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिलास. तूही बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस. फक्त तो अबोला घरी येऊन धर, माझ्यासमोर बसून.

लोभ ठेव वा ठेवू नकोस.

तुझी वाकेशो